फुकटचं इंटरनेट आणि तटस्थ इंटरनेट

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न शेवटी दिले आहेत.)



आजचा विषय आहे नेट न्यूट्रॅलिटी, मराठीत इंटरनेटची तटस्थता. व्याख्येपासून सुरुवात न करता मी एका भांडणापासून करतो.

२०१६ च्या उन्हाळ्यात मी सांगोला तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. माझ्या मावसभावाची तिथे डाळिंबाची बाग आहे. रात्री जेवणं झाल्यावर अंगणात बसलो होतो. तो म्हणाला, "दादा, तुम्ही लोकांनी पुण्यात बसून मेल पाठवले आणि आमचं फुकटचं नेट बंद पडलं. तुम्हाला परवडतं, म्हणून तुम्ही तत्त्वं सांगता."

आता यात अडचण अशी की मी खरंच मेल पाठवला होता. आदल्या वर्षी ज्या दहा लाखांहून जास्त लोकांनी मेल पाठवले, त्यातला मी एक. त्या रात्री मला त्याला नीट उत्तर देता आलं नाही. तेव्हा आजचं हे भाषण म्हणजे त्याला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे असं समजा. त्याचं म्हणणं चुकीचं होतं का, हेही आपण शेवटी बघू.

तटस्थता म्हणजे नेमकं काय?

तुम्ही मोबाइलवर एखादं पान उघडता तेव्हा ती माहिती सलग येत नाही. तिचे छोटे छोटे तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर कुठून निघालं आणि कुठे जायचं आहे, हे लिहिलेलं असतं. पाकिटावर पत्ता असतो ना, तसंच. वाटेतली यंत्रं, म्हणजे राउटर, पत्ता वाचतात आणि पॅकेट पुढे पाठवतात. आत पत्र आहे, फोटो आहे की गाणं आहे, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं.

पुढे अशी यंत्रं आली की ज्यांना आतलंही वाचता येतं, निदान हे पॅकेट कोणत्या सेवेचं आहे हे ओळखता येतं. एकदा ओळखता आलं की भेदभाव करता येतो. तो तीन प्रकारे होतो. पहिला, एखादी सेवा अडवायची. दुसरा, तिचा वेग कमी करायचा, किंवा दुसऱ्या कुणाचा वाढवायचा. तिसरा, वेग सारखाच ठेवायचा, पण दर वेगळा लावायचा.

पहिल्या दोन प्रकारांची उदाहरणं अमेरिकेत सापडतात. २००५ मध्ये मॅडिसन रिव्हर नावाच्या एका टेलिफोन कंपनीने इंटरनेटवरून कॉल करण्याची व्होनेज ही सेवा अडवली होती. कारण उघड आहे, तिच्या स्वतःच्या टेलिफोनचा धंदा बुडत होता. २००७ मध्ये कॉमकास्ट ही कंपनी बिटटोरंटची वाहतूक रोखत असल्याचं उघडकीला आलं. 'नेटवर्क न्यूट्रॅलिटी' हा शब्द त्याआधीच, २००३ मध्ये, टिम वू या कायद्याच्या प्राध्यापकाने एका लेखात वापरला होता.

शब्द नवा, पण तत्त्व जुनं आहे. आपल्याकडे १८९० च्या रेल्वे कायद्यातच अशी तरतूद होती की रेल्वेने कुणा एकाला किंवा कुठल्या एका प्रकारच्या वाहतुकीला अवाजवी झुकतं माप देऊ नये. का? कारण रूळ एकच असतो. एका व्यापाऱ्याचा कापूस वेळेवर पोचला आणि दुसऱ्याचा फलाटावर पडून राहिला, तर बाजारात कोण टिकणार हे कापसाच्या दर्जावर ठरत नाही, रेल्वे ठरवते. वीज कंपनीचंही तसंच. ती युनिटचे पैसे घेते. त्या विजेवर तुम्ही कुठल्या कंपनीचा पंखा चालवता, हे ती विचारत नाही.

तटस्थतेचा अर्थ सगळं फुकट असावं असा नाही, आणि सगळ्यांना एकच वेग मिळावा असाही नाही. जास्त वेगाचा प्लॅन घ्या, जास्त पैसे द्या, त्याला कुणाची हरकत नाही. हरकत फक्त इतकीच आहे की तुम्ही विकत घेतलेल्या डेटाचं काय करायचं, हे कंपनीने ठरवू नये.

आपल्याकडचा वाद कसा पेटला?

२०१४ चा डिसेंबर. एअरटेलने जाहीर केलं की स्काइप, व्हायबर अशा अ‍ॅपवरून कॉल करायचे असतील तर नेहमीचा डेटा पॅक चालणार नाही, वेगळे पैसे मोजावे लागतील. ओरड झाली आणि काही दिवसांत कंपनीने निर्णय मागे घेतला. पण प्रश्न ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे गेला.

इथे टेलिकॉम कंपन्यांची बाजूही ऐकून घ्यायला हवी. त्यांची कमाई कॉल आणि एसएमएसवर होती. व्हॉट्सअ‍ॅप आलं आणि एसएमएस संपला. वर स्पेक्ट्रमसाठी पैसा ओतावा लागत होता. मार्च २०१५ च्या लिलावात कंपन्यांनी मिळून सुमारे १ लाख १० हजार कोटी रुपयांच्या बोली लावल्या. त्यांचं म्हणणं असं, की टॉवर आम्ही उभारायचे, स्पेक्ट्रम आम्ही घ्यायचा आणि आमच्या रस्त्यावरून कमाई दुसऱ्यांनी करायची? ही तक्रार खोटी नव्हती. प्रश्न तिच्यावरच्या उपायाचा होता.

त्या लिलावानंतर लगेच, २७ मार्च २०१५ ला, ट्रायने शंभराहून जास्त पानांचा कन्सल्टेशन पेपर काढला. त्यात २० प्रश्न होते. तो वाचणं म्हणजे शिक्षाच होती. सामान्य माणसाने त्याला उत्तर द्यावं, अशी कुणाची अपेक्षाही नसावी. पण काही स्वयंसेवकांनी त्याचा सोप्या भाषेत सारांश केला, 'सेव्ह द इंटरनेट' नावाची वेबसाइट काढली, प्रश्नांची उत्तरं तयार करून ठेवली. एआयबी या विनोदी गटाने व्हिडिओ केला आणि बघता बघता दहा लाखांहून जास्त मेल ट्रायकडे गेले. एप्रिलमध्ये एअरटेलने 'एअरटेल झिरो' आणलं होतं. त्यात अ‍ॅप बनवणारी कंपनी पैसे भरणार आणि ते अ‍ॅप वापरताना ग्राहकाचा डेटा खर्च होणार नाही, अशी सोय होती. फ्लिपकार्ट त्यात जाणार होतं. टीका इतकी झाली की तेही बाहेर पडलं.

इथवर चित्र सोपं होतं. कंपन्या एका बाजूला, ग्राहक दुसऱ्या बाजूला. खरी अवघड लढाई पुढे होती, आणि तिथे माझा मावसभाऊ येतो.

'काहीच नसण्यापेक्षा थोडं बरं'

फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर 'इंटरनेट डॉट ऑर्ग' भारतात आणलं. ज्या सहा राज्यांत ते आधी आलं, त्यात महाराष्ट्र होता. त्याच वर्षी त्याचं नाव 'फ्री बेसिक्स' झालं. रिलायन्सचं सिम असेल तर ठरावीक वेबसाइट फुकट उघडायच्या. हवामान, बातम्या, आरोग्य, नोकऱ्या आणि अर्थात फेसबुक. डेटा पॅक नसला तरी चालेल. या प्रकाराला झिरो रेटिंग म्हणतात, म्हणजे दर शून्य.

बघा, इथे काही अडवलेलं नाही, कुणाचा वेग कमी केलेला नाही, उलट काहीतरी फुकट मिळतंय. मग विरोध कशाला? डिसेंबर २०१५ च्या अखेरीला मार्क झुकरबर्ग यांनी भारतातल्या एका इंग्रजी दैनिकात लेख लिहिला. त्यात त्यांनी महाराष्ट्रातल्याच एका शेतकऱ्याचं उदाहरण दिलं. तो फ्री बेसिक्सवर हवामान बघतो, बाजारभाव बघतो, त्याचा फायदा झाला आहे. या माणसाला शेती चांगली करता आली, तर त्याने इंटरनेटचं काय बिघडतं, असा त्यांचा प्रश्न होता.

या प्रश्नाची टिंगल करणं सोपं आहे, पण तो टिंगल करण्यासारखा नाही. माझा भाऊ वेगळं काय म्हणत होता? त्या काळी १ जीबी डेटा सरासरी २०० रुपयांच्या पुढे होता. ज्याच्याकडे रिचार्जला पैसे नाहीत, त्याला 'पूर्ण इंटरनेट घे नाहीतर काहीच घेऊ नको' असं सांगण्याचा अधिकार मला कुणी दिला? मला वाटतं, तटस्थतेच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाने आधी या प्रश्नाला उत्तर दिलं पाहिजे. माझं उत्तर तीन भागांत आहे.

पहिला भाग. यादी कोण करतं? फ्री बेसिक्समध्ये यायचं तर फेसबुकने घातलेल्या तांत्रिक अटी पाळायच्या. व्हिडिओ नको, इंटरनेटवरचे कॉल नकोत, जड चित्रं नकोत. साध्या फोनवर चालावं म्हणून हे, असं कारण होतं, आणि ते पटण्यासारखंही आहे. पण अट घालणारा आणि अट बदलू शकणारा एकच होता, आणि त्या यादीत त्याचं स्वतःचं दुकानही होतं. त्यातून होणारी वाहतूक त्याच्याच सर्व्हरमधून जायची. म्हणजे बाजार समितीत वजनकाटा, गाळेवाटप आणि स्वतःचा गाळा, तिन्ही एकाच माणसाकडे.

दुसरा भाग. जो यादीत नाही त्याचं काय? समजा, राहुरीच्या कृषी विद्यापीठातून शिकलेल्या एखाद्या मुलीने डाळिंबावरच्या तेल्या रोगाबद्दल मराठीत उत्तम वेबसाइट काढली. फोटो, व्हिडिओ, फवारणीचं वेळापत्रक, सगळं. यादीतली साइट फुकट आणि हिची उघडायला पैसे पडतात. हिची कितीही चांगली असली तरी गरीब शेतकरी तिच्याकडे जाणार कसा? गरिबाच्या बाबतीत दरातला फरक म्हणजे जवळपास बंदीच. ज्याच्यासाठी ती साइट काढली, तोच तिथे पोचत नाही. इंटरनेटचं वैशिष्ट्य हे होतं की कुणाची परवानगी न घेता दुकान मांडता येतं. ते गेलं तर उरतो तो केबल टीव्ही, म्हणजे केबलवाला दाखवील ते बघायचं.

तिसरा भाग, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. फुकट द्यायचंच असेल तर यादी न करता देता येत नाही का? महिन्याला ठरावीक एमबी मोफत द्या आणि त्यात काय बघायचं ते त्या माणसाला ठरवू द्या. रेशनचं धान्य देताना आपण भाकरी करा की घुगऱ्या, हे सांगत नाही. ट्रायने पुढे डिसेंबर २०१६ मध्ये जवळपास हेच सुचवलं. ग्रामीण भागातल्या ग्राहकांना महिन्याला १०० एमबी डेटा मोफत द्यावा, त्याचा खर्च सरकारच्या सार्वत्रिक सेवा निधीतून करावा, अशी ती शिफारस होती. शिफारस म्हणजे अंमलबजावणी नव्हे, हे तुम्हाला माहीत आहेच. पण 'यादी नाहीतर काहीच नाही' असे दोनच पर्याय नव्हते, एवढं त्यावरून दिसतं.

निर्णय काय झाला?

९ डिसेंबर २०१५ ला ट्रायने दुसरा पेपर काढला. या वेळी फक्त चार प्रश्न. वेगवेगळ्या वेबसाइटसाठी वेगवेगळे दर लावू द्यावेत का, हा मुख्य. फुकट इंटरनेट देण्याचे इतर मार्ग आहेत का, हाही त्यात होता. फेसबुकने पानभर जाहिराती दिल्या, होर्डिंग लावले, आणि आपल्या वापरकर्त्यांना एका बटणावर ट्रायला मेल पाठवण्याची सोय करून दिली. लाखो मेल गेले. पण त्यातल्या बहुतेकांत 'फ्री बेसिक्स चांगलं आहे' एवढंच होतं. ट्रायने फेसबुकला कळवलं की आम्ही जनमत चाचणी घेत नाही आहोत, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं हवी आहेत.

८ फेब्रुवारी २०१६ ला नियमावली आली. मजकुरावरून डेटाच्या दरात भेदभाव करायला बंदी. मोडल्यास दिवसाला ५० हजार रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाख. अपवाद आणीबाणीच्या सेवांचा. तीनच दिवसांत फेसबुकने फ्री बेसिक्स भारतातून काढून घेतलं.

ही झाली दराची बाजू. अडवणं आणि वेग कमी करणं, या बाबतीत ट्रायने नोव्हेंबर २०१७ मध्ये शिफारशी केल्या आणि २०१८ मध्ये त्या टेलिकॉम कंपन्यांच्या परवान्याच्या अटींत आल्या. गर्दीच्या वेळी वाहतुकीचं वाजवी नियोजन करायला मुभा आहे, काही विशेष सेवांना सवलत आहे. बाकी भेदभाव करता येत नाही.

गंमत बघा, आपण हे नियम करत होतो त्याच सुमाराला अमेरिका ते मोडत होती. तिथे २०१५ मध्ये नियम झाले, डिसेंबर २०१७ मध्ये ते रद्द करायचं ठरलं, २०२४ मध्ये पुन्हा आणायचा निर्णय झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने तोही रद्द केला. सरकार बदललं की नियम बदलतो, असं तिथे झालं. आपल्याकडे निदान मूळ नियम टिकून आहे.

मग माझा भाऊ चुकला का?

नाही. पूर्ण नाही. तो जे म्हणाला त्यातला एक भाग आजही खरा आहे. बंदीची किंमत ज्यांनी मोजली, त्यांना त्या निर्णयात फारसा आवाज नव्हता. मेल पाठवणारे आम्ही सगळे आधीच इंटरनेटवर होतो. जे नव्हते, ते मेल कुठून पाठवणार?

आणि दुसरी गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पुढे डेटा स्वस्त झाला, तो या नियमामुळे झाला असं मी म्हणणार नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि दर कोसळले. ट्रायच्या आकड्यांनुसार २०१४ मध्ये १ जीबीला सरासरी २६९ रुपये पडत होते, २०१८ मध्ये साधारण १२. हे स्पर्धेमुळे झालं. पण नियमाचं काम वेगळं होतं. स्वस्त झालेला डेटा हातात आला तेव्हा माणसाला त्यावर काहीही बघता आलं, कारण मधे यादी नव्हती. दोन्ही लागतात, परवडणारा दर आणि मोकळा रस्ता. एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : सरकार एखाद्या जिल्ह्यात इंटरनेट बंद करतं, तेव्हा नेट न्यूट्रॅलिटीचा भंग होत नाही का?

चांगला प्रश्न, कारण इथे नेहमी गल्लत होते. हे नियम कंपन्यांना बांधतात. सरकारच्या कायदेशीर आदेशाने एखादी साइट किंवा सगळं नेट बंद होतं, तो वेगळा विषय. त्याची लढाई मूलभूत हक्कांच्या अंगाने लढली जाते. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, आणि अनिश्चित काळासाठी नेट बंद ठेवता येणार नाही. पण कंपनीने पाळलेली तटस्थता तुम्हाला त्यापासून वाचवत नाही.

प्रश्न : विकिपीडियासारखी चांगली गोष्ट फुकट दिली तर काय हरकत आहे?

विकिमीडियाने खरंच 'विकिपीडिया झिरो' नावाने अनेक देशांत ते केलं होतं, २०१८ मध्ये ते थांबवलं. हेतू चांगलाच होता. माझी अडचण एवढीच की 'चांगलं' कोण ठरवणार? आज विकिपीडिया, उद्या आणखी कुणी स्वतःला चांगलं म्हणेल. नियम हेतू बघून लावता येत नाही, तो सगळ्यांना सारखा लावावा लागतो.

प्रश्न : व्हिडिओ कंपन्यांमुळे नेटवर्कवर ताण येतो. त्यांनी टेलिकॉम कंपन्यांना वाटा द्यायला नको का?

वादाचं हेच आताचं रूप आहे. टेलिकॉम कंपन्या ही मागणी लावून धरत आहेत. दक्षिण कोरियात यावरून नेटफ्लिक्स आणि एका टेलिकॉम कंपनीत कोर्टकचेरी झाली. माझं मत असं, की व्हिडिओ आपणहून येऊन आपल्या फोनवर आदळत नाही. मी मागवतो म्हणून येतो आणि त्या डेटाचे पैसे मी भरलेले असतात. त्याच पॅकेटचे पैसे दुसऱ्या टोकाकडूनही घ्यायचे ठरलं, तर मोठ्या कंपन्या भरतील, आणि ती राहुरीची मुलगी भरू शकणार नाही. तरीही नेटवर्क उभारायला पैसा लागतो हे खरं आहे, आणि त्याची तजवीज कशी करायची यावर बोलायलाच हवं.

प्रश्न : आम्ही यात काय करू शकतो?

ट्रायचे पेपर त्यांच्या वेबसाइटवर असतात. उत्तर कुणीही पाठवू शकतं. एकच करा, तयार मजकूर जसाच्या तसा पाठवू नका. प्रश्न वाचा, एखाद्या तरी प्रश्नाचं स्वतःच्या अनुभवावरून उत्तर लिहा. आणि ज्याच्याकडे नेट नाही, अशा एखाद्या माणसाला विचारून लिहा. मी २०१५ मध्ये मेल पाठवण्याआधी सांगोल्याला एक फोन करायला हवा होता. मत कदाचित बदललं नसतं, पण उत्तर अधिक चांगलं झालं असतं.